दुसऱ्या डोसाचा हिशेब

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख माननीय अप्पासाहेब नेर्लीकर, ज्यांच्या गौरवासाठी आपण जमलो आहोत ते माझे गुरुवर्य डॉक्टर माधवराव हेर्लेकर, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी आणि आम्हा सगळ्यांच्या माई, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, माझे डॉक्टर बंधुभगिनी, सिस्टर्स, थिएटरातल्या मावश्या, वॉर्डबॉय आणि समोर बसलेल्या कोल्हापूरकर नागरिकांनो,

मी पद्मजा सरनोबत. गेली चौदा-पंधरा वर्षं मी सरांच्या हाताखाली भूल देते आहे. उद्या सर जातील आणि भूलविभाग माझ्याकडे येईल, म्हणून सहकाऱ्यांच्या वतीने दोन शब्द बोलण्याचा मान मला दिला गेला. त्याबद्दल मी आयोजकांची ऋणी आहे.

मी भाषण लिहून आणलं होतं. चार पानं होती आणि त्यांत सगळं गोडच होतं. पण आत्ताच अप्पासाहेबांनी मानपत्र वाचून दाखवलं, त्यात एक ओळ आली. 'लहान मुलांच्या भुलेची मात्रा गणिताच्या आधारे ठरवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत आपल्या भागात प्रथम आणणारे.' आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी मान लववली. ती पानं मी पर्समध्ये ठेवून दिली आहेत. आता जे आठवतंय तेच बोलेन.

आधी सरांविषयी, कारण त्यातलं काही खोटं नाही. मी या रुग्णालयात आले तेव्हा मला मोठ्या माणसांना भूल देता येत होती, तान्ह्या मुलांची भीती वाटायची. पहिल्याच दिवशी सरांनी माझे हात हातात घेतले आणि म्हणाले, "गार आहेत. आधी ऊन पाण्यात धर. पोराला पहिल्यांदा कळतो तो आपला हात." बाळाची हनुवटी कशी उचलायची, श्वासाचा आवाज बदलला तर नजर कुठे न्यायची, आईच्या कडेवरून मूल घेताना आईशी काय बोलायचं, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. या माणसानं शिकवलं. कागलहून येणारी एक म्हातारी सरांना 'झोपवणारा डाक्टर' म्हणायची. सर तिला म्हणत, "आजी, झोपवतं कुणीबी. उठवायचा पगार घेतो मी."

असा माणूस गुरू म्हणून मिळावा आणि त्याच्याविषयी मला आज असं बोलायला लागावं, याला काय म्हणावं?

एकोणऐंशी साली आपल्याकडे एक चार वर्षांची मुलगी आली, मलिका. काचेवर पडून मनगटाची शीर तुटली होती. तिचे वडील प्राध्यापक कुतुबुद्दीन मणेर. इथल्याच एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतात, राहायला कसबा बावड्यात. शस्त्रक्रिया लांबली. महागडे वायू आपल्याकडे नेहमी नसत. शिरेतून द्यायच्या थायोपेंटोन या भुलेच्या औषधावरच आमची भिस्त. मूल हललं की आणखी द्यायचं, पुन्हा हललं की पुन्हा. मनगट छान जुळलं, पण मलिका संध्याकाळपर्यंत डोळे उघडेना. श्वास चालू होता, धोका नव्हता, आम्हाला त्याची सवय होती. मणेर सरांना नव्हती. ते खाटेशेजारी बसून होते. मी गेले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, पहिलं औषध अंगातून गेलं नव्हतं, तर दुसरं तेवढंच का दिलंत?"

मी म्हणाले, "किलोला इतकं असा नियम आहे."

"नियम पहिल्या वेळेचा हाय. दुसऱ्या वेळेचा कुठला?"

 दुसऱ्या वेळेचा नियमच नव्हता. आम्ही अंदाजानं देत होतो, सगळीकडे अंदाजानंच देत.

श्रोत्यांत डॉक्टर नसलेलेही पुष्कळ आहेत, म्हणून सोपं करून सांगते. मणेर सरांनी मला तसंच सांगितलं होतं. शरीरात तीन टाक्या आहेत असं धरा. पहिली रक्ताची आणि मेंदूची, लहान. दुसरी स्नायूंची, मोठी. तिसरी चरबीची, सावकाश भरणारी. औषध पहिल्या टाकीत पडतं, मूल झोपतं. थोड्या वेळानं मूल जागं होतं ते औषध शरीराबाहेर गेलं म्हणून नव्हे, तर ते दुसऱ्या टाकीत पसरलं म्हणून. आता दुसऱ्यांदा तेवढंच ओतलं, तर पसरायला जागा कुठे आहे? त्या टाक्या आधीच भरत आल्या. औषध मेंदूपाशीच तुंबतं. आणि ते कायमचं बाहेर टाकतं यकृत. काही महिन्यांच्या बाळाचं यकृतच कच्चं, म्हणजे शेवटची तोटी बारीक. म्हणून बाळाला दुसरा डोस द्यायचा तो पहिल्याचा हिशेब धरून, पुष्कळ कमी. किती कमी, हे वय, वजन आणि गेलेला वेळ यांवरून मांडता येतं. मणेर सरांनी ते मांडलं. परदेशी नियतकालिकं मिरजेच्या ग्रंथालयात जाऊन मी वाचायची, आकडे आणायची, ते गणित बसवायचे. मग आमच्याकडे भूल दिलेली मुलं प्रत्यक्षात कधी जागी होतात ते पाहून ते आकडे दुरुस्त करायचे. किती रविवार गेले असतील. त्यांच्या पत्नी मेहमुदाभाभी चहा ठेवून जाताना म्हणायच्या, "तुमच्या टाक्या भरल्या की सांगा, आमच्या नळाचं पन बघा मग."

हे सगळं सरांना माहीत नव्हतं का? अहो, मी पहिल्या आठवड्यात सरांकडे गेले. सरांनी मणेर सरांना बोलावून घेतलं, दुपारभर प्रश्न विचारले, फळ्यावर स्वतः टाक्या काढून पाहिल्या. पुढे त्या आकड्यांचा आलेख तयार झाला, तेव्हा तो थिएटरच्या भिंतीवर लावायची जागाही सरांनीच दाखवली, औषधांच्या टेबलाच्या वर. आणि आम्हा दोघांना म्हणाले, "करा. नवीन काही केलं की लोक बोलतात. अंगावर आलं तर मी आहे."

सर, हे तुम्ही म्हणाला होता. माईंनी त्या दिवशी आमच्यासाठी शिरा पाठवला होता, हेही मला आठवतं.

दोन-अडीच वर्षं आम्ही तो आलेख वापरला. मुलं वेळेवर जागी व्हायला लागली. सिस्टर्स इथं बसल्या आहेत, त्यांना विचारा. शस्त्रक्रिया झालेलं पोर दुपारी आईच्या मांडीवर दूध मागायला लागलं, याचं आम्हाला तेव्हा केवढं अप्रूप होतं.

मग ब्याऐंशी साल आलं. हातकणंगल्याहून केरबा आणि चिमणाबाई आपलं नऊ महिन्यांचं बाळ घेऊन आले. पाय जन्मतः आत वळलेला. मुलगा गुटगुटीत, हसरा. मी भूल दिली. पहिला डोस आलेखाप्रमाणे. शस्त्रक्रिया मध्यावर आली, बाळानं पाय ओढला. मी आलेखाकडे पाहिलं. पहिल्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी द्यायचं होतं. मी सिरिंज भरत होते. तेवढ्यात सर आत आले. त्या दिवशी बाहेरगावचे पाहुणे रुग्णालय बघायला यायचे होते, सर घाईत होते.

सर म्हणाले, "काय चाललंय? मूल हलतंय."

मी म्हणाले, "सर, देतेच आहे. थोडंच द्यायचंय."

"सर्जन खोळंबलाय, पद्मजा. सरक."

सरांनी टेबलावरची दुसरी भरलेली सिरिंज उचलली आणि पूर्ण डोस दिला. मी म्हणाले, "सर, हे जास्त होतं." सर म्हणाले, "मूल बघून डोस देतोय मी, वीस वर्षं." आणि बाहेर गेले.

बाळाचा श्वास थांबला.

मी श्वासनलिकेत नळी घातली, हवेची पिशवी हातानं दाबायला लागले. प्राणवायू पोचत होता, हृदय चालू होतं, पण बाळ स्वतःहून श्वास घेईना. शस्त्रक्रिया संपली, पाहुणे येऊन गेले, मी पिशवी दाबतेच आहे. सर परत आले, माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तेव्हा मला त्यांची कणव आली. मला वाटलं, दोघं मिळून निभावू. दिवस मावळायच्या सुमारास बाळानं पहिला श्वास घेतला, मग दुसरा. दुसऱ्या दिवशी ते आईकडे बघून हसलं. आज ते शाळेत जातं, सरळ पायानं.

पण तोवर बाहेर गाव जमलं होतं. केरबाचे भाऊबंद राजकारणातले. फाटकाशी आरडाओरडा, वर्तमानपत्रात बातमी, 'तान्ह्या मुलांवर गणिताचे प्रयोग'. विश्वस्तांनी चौकशी समिती नेमली. अप्पासाहेब, तेव्हाही अध्यक्ष आपणच होता, म्हणून पुढचं मी आपल्यासमोरच बोलते आहे, पाठीमागे नव्हे.

समितीसमोर सर उभे राहिले. मी निश्चिंत होते. मणेर सर माझ्या शेजारी बसले होते, तेही निश्चिंत होते. सर म्हणाले, "ही पद्धत माझ्या अपरोक्ष सुरू झाली. बाहेरच्या एका प्राध्यापकाला वैद्यकीय बाबतीत लुडबूड करू देणं ही माझ्या सहकाऱ्यांची चूक आहे. डोस त्यांच्या गणिताप्रमाणे गेला."

मला पहिल्यांदा वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. मी मणेर सरांकडे पाहिलं. ते सरांकडे पाहत होते. रागानं नव्हे. विद्यार्थ्यानं भलतंच उत्तर लिहिलं की मास्तर पाहतात तसं.

मी उठले. म्हणाले, "सर, दुसरा डोस तुम्ही दिलात. जास्त होतोय, असं मी म्हणाले होते."

सर खिडकीकडे बघत म्हणाले, "पद्मजा दमलेली आहे. दिवसभर पिशवी दाबत होती बिचारी. तिला क्रम नीट आठवत नसेल."

मंडळी, मी ज्या हातांनी ते मूल जगवलं, त्याच हातांचा शीण माझ्याविरुद्ध साक्षीला काढला गेला. तोही अशा मायेच्या आवाजात, की समितीतल्या एका गृहस्थांनी मला पाणी आणून दिलं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले, माझी नजर पायावर होती, मी पाहिलं नाही. ते खरंही असेल. राहिला माझा शब्द आणि सरांचा शब्द. अप्पासाहेब, आपण कुणाचा घेतलात ते सर्वांना ठाऊक आहे.

आलेख भिंतीवरून उतरला. मणेर सरांना आवारात यायला बंदी झाली. हे त्यांना कुणी कळवलंही नाही. दुसऱ्या दिवशी ते बाळाची चौकशी करायला आले तेव्हा फाटकावर ख्वाजाभाई होते. ख्वाजाभाई आज मागच्या रांगेत आहेत. ते मणेर सरांचे शेजारी. ते म्हणाले, "सर, आत सोडू नगं असा हुकूम हाय. मी काय करू?"

मणेर सर म्हणाले, "पोरगं बरं हाय का, तेवढं सांग."

"व्हय, बरं हाय."

"मग झालं." आणि सायकल वळवून ते निघून गेले.

चिमणाबाई बाळाला घेऊन घरी निघाली तेव्हा मला म्हणाली, "बाई, त्या मास्तरचं वाईट हुईल बघा. माझ्या लेकरावर गणितं करत हुता." मी तिला खरं सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमी बी त्यातल्याच की." तिचा काय दोष? तिला मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मला पुष्कळांनी विचारलं, तू तेव्हा सोडून का गेली नाहीस? मुलं येतच होती, एवढंच उत्तर आहे. पण रोज सकाळी सर थिएटरात यायचे आणि पूर्वीसारखंच विचारायचे, "हात ऊन केलेस का?" मी हो म्हणायची. त्या एका 'हो'साठी मला किती बळ लागायचं, हे सरांना कधी कळलं असेल का?

अप्पासाहेब, चिठ्ठी मिळाली. आवरतं घेते. पण राहिलेलं सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

चौऱ्याऐंशी साली सरांची नात पुण्याहून आली. दहा-अकरा महिन्यांची. अंगावर गरम दूध सांडून हात कोपरात आखडला होता. त्वचा लावायची होती, काम लांबणारं. सर माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतलं आणि उभेच राहिले. म्हणाले, "पद्मजा, भूल तू दे. माझा हात चालणार नाही." मी बरं म्हणाले. तरी जाईनात. मग म्हणाले, "तो आलेख... आहे का कुठे?"

मी म्हणाले, "सर, तुम्हीच काढायला लावलात."

"मणेरांना विचार ना. तुझं ऐकतील."

माई, आपल्या नातीचं नाव मी इथं काढलं याचं मला फार वाईट वाटतं. पण माई, ज्या गणिताला सर भर सभेत लुडबूड म्हणाले, त्याच गणितावर त्यांचा स्वतःच्या नातीपुरता विश्वास होता. मला समितीतलं खोटं तेवढं लागलं नव्हतं, जेवढं त्या लोटलेल्या दारातलं खरं लागलं. समितीत सर गोंधळले असतील, अशी मी दोन वर्षं माझी समजूत घातली होती. त्या दुपारी कळलं की त्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं.

मी बावड्याला गेले. मेहमुदाभाभींनी दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "डॉक्टरबाई, आता कशाला आलाय? ह्यांना परत त्या दारात नेऊ नका. पोरं कॉलेजात फळ्यावर टाक्या काढून ठेवायची ह्यांना चिडवायला." आतून मणेर सरांचा आवाज आला, "येऊ दे की त्यांना." मी जाऊन बसले, काम सांगितलं. त्यांनी विचारलं, वय किती, वजन किती, काम किती वेळ चालणार. सगळं झाल्यावर विचारलं, "पोरगी कुणाची?"

मी सांगितलं.  भाभी दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. त्या म्हणाल्या, "नका देऊ."

मणेर सर म्हणाले, "कुणाची हाय म्हणून टाकी लहानमोठी होत न्हाय, मेहमुदा." आणि लिहायला बसले.

त्यांनी लिहून दिलं तसं मी दिलं. मूल तीनदा हललं, तीनदा मी त्या आकड्याप्रमाणे दिलं, एका थेंबानंही जास्त नाही. सर दाराशी उभे होते, आत आले नाहीत. शस्त्रक्रिया संपल्यावर थोड्याच वेळात नातीनं डोळे उघडले आणि रडायला लागली. सर भिंतीला टेकून खाली बसले. मला वाटलं, आता.

पंधरवड्यानं मी विचारलं, "सर, समितीला एक पत्र द्याल? मणेर सरांविषयी." सर म्हणाले, "पद्मजा, निवृत्ती जवळ आली. आता जुनं उकरून काय मिळणार? मी त्यांना एकदा भेटेन." ते भेटले नाहीत. मी वाट पाहिली. आज सकाळपर्यंत पाहत होते, खरं सांगते. आणि मग ते मानपत्र ऐकलं. दोष आला तेव्हा ती पद्धत मणेरांची होती. गौरव आला तेव्हा ती सरांची झाली. आणि सरांनी मान लववली.

काल संध्याकाळी मी बावड्याला जाऊन आले. या समारंभाचं आमंत्रण त्यांना गेलेलं नव्हतं. मी म्हणाले, मी बोलणार आहे. मणेर सर म्हणाले, "बोलणार असला तर चांगलं बोला. माणूस वाईट न्हाय. भिला, एवढंच."

मेहमुदाभाभी भाकऱ्या थापत होत्या. त्या मागं न बघता म्हणाल्या, "भिला तो एक दिवस. मग एवढी वर्षं काय करत हुता?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नाही. ते ज्यांच्यापाशी आहे ते माझ्या उजव्या हाताला बसले आहेत.

सर, कृपा करून बसा. मी संपवते आहे.

उद्यापासून भूलविभागाची जबाबदारी माझी. पहिला निर्णय आज सर्वांसमक्ष सांगते, म्हणजे विश्वस्तांना मला काढायचं असेल तर तेही आजच ठरवता येईल. आलेख पुन्हा भिंतीवर लागेल, आणि त्यावर प्राध्यापक कुतुबुद्दीन मणेर यांचं नाव असेल. ते फाटकातून आत येतील. ख्वाजाभाई, तुम्हाला कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. आणि पुढच्या सोमवारी मी हातकणंगल्याला चिमणाबाईंकडे जाणार आहे. त्यांनी दोन वेळा हाकललं तर तिसऱ्यांदा जाईन.

सरांनी मला जे शिकवलं त्याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी राहीन. ते ऋण मी नाकारत नाही आणि त्याच्या बदल्यात गप्पही बसत नाही. मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे, आणि आपण सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलं त्याबद्दल आपले मनापासून आभार. मान्यवरांचा उल्लेख करताना कुणाचं नाव राहिलं असेल, आवाज चढला असेल, माईंना दुखावलं असेल, तर मी हात जोडून क्षमा मागते. जे सांगितलं, त्याची मात्र मागत नाही.

यानंतर सत्काराला उत्तर देण्यासाठी सर बोलणार आहेत. सर, मानपत्रातली ती ओळ तुम्हीच दुरुस्त करा. एक वाक्य पुरेल. सभागृह भरलेलं आहे, आणि आज तुम्हाला भ्यायला काही उरलेलं नाही.